घोड्यावरचा देव

"अहो, ठेवा ती बाटली खाली!" मी ओरडले, पण तोवर शिट्टी वाजली होती.

आमचे हे, म्हणजे पाटण डेपोचे रिटायर ड्रायव्हर विलास शेवाळे, गुडघ्यापर्यंत पँट दुमडून त्या गुलाबी वाळूत फतकल मारून बसले होते आणि पाण्याच्या रिकाम्या बाटलीत मुठीमुठीनं वाळू कोंबत होते. आजूबाजूला गोऱ्या बायका-बाप्ये उन्हात उताणे पडलेले. त्यातली एक म्हातारी काळा चष्मा कपाळावर चढवून ह्यांच्याकडं टकामका बघायला लागली. शिट्टीवाला रखवालदार वाळू तुडवत आला आणि हातवारे करून बोलायला लागला.

"काय म्हणतोय त्यो?" ह्यांनी विचारलं.

"आण्णा, इथली वाळू न्यायला बंदी आहे," आमची रोहिणी दातओठ खात म्हणाली. "केवढी मोठी पाटी लावलीय तिथं!"

"आगं, मूठभर वाळू. गणपतीच्या आराशीला. गुलाबी वाळू पाटणात कुणी बघितली तरी हाय का?"

"आण्णा, ओता आधी ती!"

ह्यांनी ओतली. ओतून झाल्यावर त्या रखवालदाराच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "बरुबर हाय गड्या, ड्युटी म्हंजी ड्युटी." तो काही हसला नाही. रोहिणी मात्र तोंड फिरवून समुद्राकडं बघत राहिली. तिचे कान लालभडक झाले होते आणि मला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

ही गोष्ट क्रीट नावाच्या बेटावरची. आता तिला बरीच वर्षं झाली. भूमध्य समुद्रात आहे हे बेट, ग्रीस देशातलं. मी काही तिथं हौसेनं गेले नव्हते. रोहिणी जर्मनीत नर्स होती. तिथंच तिच्या दवाखान्यात मानोलिस नावाचा मुलगा होता, लोकांचे आखडलेले हातपाय व्यायाम देऊन सरळ करणारा. त्याचं गाव ह्या क्रीटच्या डोंगरात. दोघांचं जमलं. आम्ही आधी चार दिवस जेवलो नाही, मग जेवायला लागलो, मग फोनवर त्या मुलाशी बोललो. तो मला 'आई' म्हणाला आणि माझा अर्धा राग तिथंच गेला.

गाडी अडली होती ती त्याच्या आईपाशी. अर्गिरो तिचं नाव. तिनं हो म्हटलं नव्हतं, नाही पण म्हटलं नव्हतं. 'मुलीची माणसं बघीन, मग बोलीन,' एवढंच म्हणाली होती. आणि मानोलिस आईच्या शब्दाबाहेर पाऊल टाकणारा नव्हता. म्हणून रोहिणीनं सुट्टी काढली, आम्हाला बोलावून घेतलं आणि म्हणाली, "बेटावरची सगळी चांगली ठिकाणं दाखवते तुम्हाला. शेवटी त्यांच्या घरी जाऊ."

तर ती चांगली ठिकाणं. हानिया शहराचं जुनं बंदर दाखवलं, पाण्यात उभा असलेला जुना दीपस्तंभ दाखवला. ह्यांनी तिथं धक्क्यावर बसून भडंगाची पुडी सोडली आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला "घ्या की" म्हणत राहिले. क्नोसोसचा राजवाडा दाखवला, हजारो वर्षांपूर्वीचा, तांबडे खांब, भिंतीवर मासे काढलेले. मी आणि रोहिणी आत फिरून आलो तर हे बाहेर बस लावायच्या जागेत. एक मोठी बस मागं येत होती आणि आमचे हे तिच्या मागं उभं राहून, हातानं बस ठोकत, "येऊ दे, येऊ दे, येऊ दे... बास!" म्हणून बोंबलत होते. तो ग्रीक ड्रायव्हर बावचळून खाली उतरला. लोक मोबाइल काढून फोटो घेत होते.

"आई, तू काही बोलत का नाहीस त्यांना?" रोहिणी मला म्हणाली.

बोलत नव्हते कशी? रोज बोलत होते. पण ह्यांना बोलून ते कळत असतं तर अजून काय पाहिजे होतं!

गुलाबी वाळूच्या त्या प्रकारानंतर संध्याकाळी मी ह्यांना समोर बसवलं. "हे बघा, उद्या पोरीच्या आयुष्याचा प्रश्न हाय. तिथं गप्प बसायचं. इचारतील तेवढंच बोलायचं."

"मी काय येडा हाय का?"

"न्हाई. पण गप्प बसायचं."

"हसलं तर चालंल का?"

"हसा. पण मोठ्यानं न्हाई."

"बरं," म्हणाले आणि खरंच गप्प बसले. ते गप्प बसलेले बघून मला वाईट वाटलं, खोटं कशाला सांगू. पण पोरीकडं बघितलं आणि मन घट्ट केलं.

दुसऱ्या दिवशी मानोलिस पहाटेच पुढं गेला, घरी तयारी करायला. आम्ही तिघं भाड्याच्या मोटारीनं निघालो. रोहिणी चालवत होती. तीही त्या गावाला पहिल्यांदाच चालली होती. मी मागं बसले होते, मांडीवर ओटीची पिशवी. पाटणहून खण आणला होता, हळदकुंकू, तांदूळ, आणि कपड्यांत गुंडाळून एक नारळ. विहीणबाईंची ओटी भरल्याशिवाय मी परत येणार नव्हते, मग त्या कुठल्या का देशाच्या असेनात.

रस्ता डोंगरात शिरला आणि पुढं बसलेले हे एकदम ताजे झाले. नसलेला ब्रेक पायानं दाबत होते, प्रत्येक वळणाला मान कलती करत होते. "ह्यो खरा घाट. इतकं दिवस काय ते पाणी आन् पाणी दावत हुतीस?" रोहिणी पहिल्यांदाच हसली. मला हायसं वाटलं.

आणि तेवढ्यात एका आडव्या-तिडव्या वळणावर, दरीच्या कडेला, ते दिसलं. खांबावर बसवलेलं एवढंसं देऊळ. पत्र्याचं छप्पर, पुढं काचेचं दार, आत विझलेला दिवा.

"रोहे, गाडी घे बाजूला."

"आण्णा, उशीर होतोय."

"घाटातला देव हाय. घे बाजूला."

घाटात देव दिसला की हे उतरणारच. रिटायर होऊन दुसऱ्यांच्या गाड्यांतून फिरायला लागले तरी सुटलं नव्हतं ते. रोहिणीनं गाडी थांबवली. हे उतरले, मी पण उतरले. वर बारीकसा क्रूस होता.

"अहो, हे त्या लोकांचं हाय."

"देव कुणाचा का असंना, घाट डायवरचा असतो." काचेतून आत डोकावून त्यांनी मला हाक मारली. "शालन, हिकडं ये. बघ तरी."

आत चित्र होतं. पांढऱ्या घोड्यावर बसलेला देव, हातात भाला.

"खंडोबा!" हे म्हणाले. त्यांनी हात जोडले. "इतक्या लांब येऊन बसलाय बघ."

चित्राच्या शेजारी एका पोराचा फोटो होता. कुरळ्या केसांचा, हसरा, पंचविशीतला. 

"ह्यो कोण?" मी विचारलं.

"देणगी दिली असंल. आपल्याकडं न्हाई का, देवापेक्षा देणाऱ्याचाच फोटो मोठा. हितं बारका तरी लावलाय."

ते मला पटलं. आमच्याकडं तर रस्त्यातल्या पाणपोईवरसुद्धा हसरे फोटो असतात. आम्हा दोघांच्या डोक्यात दुसरं काही आलंच नाही. मग ह्यांनी काचेचं दार उघडलं, शेजारच्या बाटलीतलं तेल घातलं, दिवा लावला. आणि मी बघते तर मोटारीतून माझी पिशवी काढून आणलेली!

"अहो, ओटीचा नारळ हाय त्यो!"

"ओटीला दुसरं फळ घाल. वळणाला मान दिला पायजे." आणि मी हात धरायच्या आत त्यांनी दगडावर नारळ फोडला. हळदीची पुडी सोडून चित्राला, चौकटीला, फोटोच्या काचेला, सगळीकडं पिवळी बोटं ओढली आणि दरी दणाणून सोडली. "येळकोट येळकोट, जय मल्हार!"

मोटारीत रोहिणी स्टेअरिंगवर डोकं टेकवून बसली होती.

मी वळले तेव्हा ती बाई मला दिसली. काळं लुगडं म्हणावं तसा पायापर्यंत काळा झगा, डोक्याला काळा रुमाल. पायवाटेनं वरून उतरून आली होती. एका हातात तेलाची बाटली, दुसऱ्या हातात पुसायचं फडकं. जागच्या जागी उभी होती आणि त्या देवळाकडं बघत होती.

"या, या ताई," हे म्हणाले, "प्रसाद घ्या." आणि खोबऱ्याचा तुकडा तिच्या हातात ठेवला. तिनं तो घेतला. रोहिणी धावत आली, इंग्रजीत "सॉरी, सॉरी" म्हणत तिनं आम्हा दोघांना ओढून मोटारीत कोंबलं. वळण जाईपर्यंत मी मागं बघत होते. ती तशीच उभी होती, हातात खोबरं घेऊन.

रोहिणीनं मोटार दामटली. रडत होती. हे पुढं बघत बसले. गाव लगेचच आलं. दगडी घर, पुढं अंगण, लिंबाचं झाड, नळ. मानोलिस फाटकात उभा होता. त्यानं वाकून आम्हाला नमस्कार केला, रोहिणीनं शिकवला होता तसा. मग जर्मनमध्ये तिला काहीतरी सांगितलं आणि रोहिणीच्या तोंडावरचा रंग उडाला.

"काय गं? काय झालं?"

"त्याचे वडील मेंढ्यांकडं गेलेत, येतील म्हणतो," ती म्हणाली. "आणि आई खाली वळणावर गेलीय. त्याच्या भावाला दिवा लावायला." "मला अपघात माहीत होता, आई. मोटरसायकलवरून गेला यॉर्गिस. पण कुठं, ते त्यानं कधी बोलूनच दाखवलं नव्हतं. इथं माणूस जिथं जातो तिथं असं देऊळ बांधतात. आण्णा, तुम्ही त्यांच्या मेलेल्या मुलाच्या फोटोला हळद फासून आलात!"

हे अंगणातल्या पायरीवर मटकन खाली बसले. धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं आपण नुसतं म्हणतो. मी त्या दिवशी खरोखर पायाखाली बघितलं.

थोड्या वेळानं ती काळ्या झग्यातली बाई आली. चढ चढून, दम खात. आम्हाला बघून फाटकातच थांबली. मानोलिस पुढं जाऊन भराभर बोलायला लागला. ती ऐकत होती की नाही कोण जाणे. मी गेले आणि तिचे पायच धरायला वाकले, तर तिनं माझे दंड धरून मला उभं केलं. तिची बोटं हळदीनं पिवळी झाली होती. म्हणजे तिनं फोटो पुसला होता.

आम्हाला आत नेऊन बसवलं. टेबलावर जेवणाची मांडामांड झालेली, पण कुणी हात लावला नाही. अर्गिरोबाईंनी तो खोबऱ्याचा तुकडा टेबलावर ठेवला आणि ह्यांच्याकडं बघून विचारलं. तिचं बोलणं मानोलिस रोहिणीला जर्मनमध्ये सांगायचा, रोहिणी आम्हाला मराठीत.

"तुम्ही तिथं काय केलंत, ते विचारतायत," रोहिणी म्हणाली.

हे माझ्याकडं बघायला लागले. गप्प बसायचं हे मीच सांगितलं होतं ना. मी म्हटलं, "सांगा आता."

"मी डायवर हुतो ताई," हे म्हणाले. "आमच्याकडं घाटाच्या वळणावर देव असतो. त्याला नारळ देत्यात. वळणाला मान दिला की वळण माणूस मागत न्हाई. म्या तेवढ्यासाठीच दिला. माझी पोर ह्या रस्त्यानं येणार-जाणार म्हणून दिला. तुमच्या लेकाचं मला म्हाईत नव्हतं. चूक झाली."

रोहिणीनं सांगितलं, मानोलिसनं सांगितलं. त्या बाईनं खोबऱ्याचा तुकडा हातात घेऊन फिरवला. मग हळूहळू काहीतरी बोलली. मानोलिसनं मध्येच "मामा, मामा" म्हणून तिला थांबवायला बघितलं. तिनं त्याचा हात बाजूला केला. त्यानं मान खाली घालून रोहिणीला सांगितलं.

"काय म्हणाली?" मी विचारलं.

"मी नाही सांगणार."

"रोहिणी, सांग."

"म्हणतायत, त्या वळणावर यॉर्गिसच्या आधी पण माणसं गेलीत. आम्ही कुणी कधी त्या वळणाला काही दिलं नाही. आम्हाला माहीतच नव्हतं." रोहिणीनं डोळे पुसले. "म्हणतायत, मी दिलं असतं, तर माझा मुलगा राहिला असता का?"

काय करून बसलो होतो आम्ही! फोटोला हळद लावणं परवडलं. पाहुणे म्हणून आलो आणि एका आईच्या जिवाला जन्मभर पुरेल असा घोर लावला. तुझ्या हातून राहून गेलं म्हणून तुझा पोरगा गेला, असंच सांगितलं की आम्ही तिला. आता कसलं लग्न आणि कसलं काय. मला माझ्या नवऱ्याचं तोंड बघवेना.

हे उठले. खुर्ची सरकवून तिच्या जवळ जाऊन उभे राहिले.

"न्हाई ताई," म्हणाले. "नसता राह्यला. मी सांगतो. आमच्या कुंभार्लीच्या घाटात माझा कंडक्टर गेला. हणमंत साळुंखे. पावसाचं दिस हुतं, दरड आली. धोंडा बरुबर त्याच्या अंगावर. मला खरचटलंबी न्हाई. आन् त्या दिवशी अमुशा हुती. मी देवापाशी गाडी थांबवून नारळ फोडला हुता. ह्या हातानं फोडला. तरी त्यो गेला. नारळात काय नसतंय ताई. तुमी काय बी दिलं असतं तरी त्यो जायचा त्यो गेलाच असता."

रोहिणी सांगत होती. मानोलिस सांगत होता. अर्गिरोबाईंनी ऐकून घेतलं, पण ह्यांच्याकडं बघितलं नाही. माझ्याकडं बघितलं. आणि मलाच विचारलं.

"आई, तुला विचारतायत," रोहिणी म्हणाली. "खरंच फोडला होता का?"

नव्हता फोडला.

त्या दिवशी गाडी लेट होती. हे देवापाशी थांबले नव्हते. पोलीस, पंचनामा, हणमंताचं घर, सगळं उरकून ते आले आणि न जेवता भिंतीकडं तोंड करून झोपले. चिखलानं भरलेली पिशवी मी धुवायला घेतली तर आत नारळ होता. अख्खा. सकाळी मी घालून दिला होता तोच. मी तो गुपचूप नेऊन नदीत सोडला आणि त्यावर आजवर चकार शब्द काढला नव्हता. तेही कधी बोलले नव्हते. त्या दिवसापासून मात्र हा माणूस एकही देव चुकवत नव्हता. भर पावसात, परक्या गाडीतून, लोकांच्या शिव्या खाऊन उतरायचा. आणि त्याच माणसानं आज एका परक्या बाईसमोर, नारळात काही नसतं म्हणून सांगितलं होतं. तिचं ओझं उतरवायला बोलला होता. त्याचं स्वतःचं तसंच राहिलं होतं.

आणि मी? आठवडाभर मी ह्या माणसाला लाजत होते. भडंगासाठी, वाळूसाठी, मोठ्यानं हसण्यासाठी. माझीच मला शरम वाटली.

"आई?"

मी अर्गिरोबाईंच्या डोळ्यांत बघितलं. आईच्या डोळ्याला डोळा देऊन खोटं बोलणं सोपं नसतं.

"हो," मी म्हणाले. "फोडला हुता. मीच सकाळी पिशवीत घालून दिला. परत आले तवा पिशवी रिकामी हुती. मीच धुतली."

हे माझ्याकडं वळले. मी त्यांच्याकडं बघितलं नाही.

अर्गिरोबाईंनी दोन्ही हात तोंडावर घेतले आणि रडल्या. मानोलिस त्यांना धरून बसला. त्यांचं रडून झालं तशा त्या उठल्या, डोक्याचा रुमाल सारखा केला आणि चुलीकडून हाक मारली. "रोहिणी!" त्यांच्या तोंडात ते नाव भलतंच ऐकू आलं. रोहिणी धावत गेली. त्यांनी तिच्या हातात पावाची टोपली दिली आणि आपल्याच घरातल्या पोरीला सांगावं तसं टेबलाकडं बोट दाखवलं.

हे बाहेर गेले होते. मी मागोमाग गेले. नळावर हात धूत होते. हात केव्हाच स्वच्छ झाले होते तरी धूत होते.

"तुला म्हाईत हुतं?" पाठमोरेच म्हणाले.

"हो."

"कवापासनं?"

"पिशव्या मीच धुते ना सगळ्या."

"बोलली न्हाईस कदी."

"तुमी तरी कुठं बोललात?"

ते पायरीवर बसले आणि रडायला लागले. साधं नाही, हंबरडा फोडून. "हणमंता, हणमंता रे," म्हणून. इतक्या वर्षांचं साठलेलं एकदम बाहेर आलं. मी शेजारी बसले आणि त्यांच्या पाठीवरून हात फिरवत राहिले. पलीकडच्या घराची दारं उघडली, बायका बाहेर आल्या. एक म्हातारा काठी टेकत आमच्या फाटकाशी येऊन उभा राहिला.

रोहिणी घाबरून दारात आली. "आई, आण्णांना आत घेऊन ये ना. सगळं गाव बघतंय."

"बघू दे," मी म्हणाले.